अप्पांची जावक नोंदवही

"उपवास धरू नका, मॅडम. तयारी म्हणजे उपवास नाही."

इस्पितळातल्या अपेक्षा नावाच्या मुलीने हे फोनवर सांगितलं तेव्हा पद्मजाचे दोन्ही हात आरोहीच्या वेणीत होते, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये चेपला होता आणि गॅसवर दूध वर येत होतं. "हो हो," पद्मजा म्हणाली. अपेक्षाने तेच पुन्हा सांगितलं, जरा सावकाश. "पुष्कळ पेशंट इथेच गोंधळतात."

"मी एमेस्सी आहे," असं म्हणून पद्मजाने फोन ठेवला आणि दूध वाचवलं. एमेस्सी वनस्पतिशास्त्रात आहे, हे सांगायची गरज तिला वाटली नाही. पुढे वनस्पतिशास्त्रच कामाला आलं, पण ज्या पद्धतीने आलं, ती पद्धत विद्यापीठाला मंजूर झाली नसती.

मूळ भानगड अशी, की पद्मजाला माणसांवर बारीक नजर ठेवायची खोड होती. आरोही झाल्यापासून ती फारच वाढली होती. ती घरातल्यांचे श्वास मोजते, असं शंतनु, म्हणजे तिचा नवरा, चारचौघांत सांगायचा. तर या मोजणीत तिला आढळलं, की अप्पांना फणसवाडीतल्या त्यांच्या चाळीचा तिसरा मजला चढायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतोय. अप्पा म्हणजे तिचे सासरे. वय एकाहत्तर, विमा कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क. गेली तीन वर्षं नातीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यात एक खाडा नव्हता. पण आता त्यांची नखं पांढरी दिसत होती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. मग पुढची तपासणी झाली, आणि डोळ्यांना न दिसणारं रक्त पोटातून रोज थोडं थोडं जातंय असं निघालं.

परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "कोलोनोस्कोपी करू. दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघू."

काय बघू, हे पद्मजाने विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये तिने मोबाइलवर सगळं वाचून काढलं. लालबाग येईपर्यंत तिने अप्पांना मनातल्या मनात दोनदा पोचवलं होतं आणि भायखळ्याला दोन्ही वेळा परत आणलं होतं. अप्पा खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्यांमधल्या चुका काढत होते.

त्या इस्पितळात एक संशोधन चालू होतं. बरीच माणसं या तपासणीला पोट नीट साफ न करता येतात, दुर्बिणीला काही दिसत नाही आणि सगळ्यांची मेहनत वाया जाते. तेव्हा घरच्या तयारीत नेमकं कुठे बिनसतं आणि ती कशी सुधारावी, असा तो अभ्यास होता. भाग घेणाऱ्याला एक माहितीपत्रक, रंगांचं एक कार्ड आणि अपेक्षाचे तीन फोन मिळायचे. अप्पांनी संमतिपत्राची दोन्ही पानं वाचली, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि सही केली.

पत्रकात लिहिलं होतं: तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, डाळी, उसळी, पोळी-भाकरी, फळं बंद. हलकं खावं. आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसणारे पदार्थ.

पद्मजाने यादी दोनदा वाचली आणि तिच्या चेहऱ्यावर हुशार मुलीचं हसू आलं. भाजी नाही, डाळ नाही, पोळी नाही. म्हणजे काय उरलं? उपवासाचं उरलं. त्यात आदल्या दिवशी नेमकी संकष्टी, अप्पांची चाळीस वर्षांची. त्या मुलीने उपवास धरू नका म्हटलं होतं, ते बहुधा म्हाताऱ्या माणसाने उपाशी राहू नये म्हणून. आणि या घरात उपवासाला उपाशी कोणीच राहत नव्हतं.

तीन दिवस अप्पांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेली. अधूनमधून राजगिऱ्याची वडी. आदल्या दिवशी मात्र पद्मजाने कडक धोरण ठेवलं. खिचडी बंद, फक्त पातळ. दाण्याची आमटी पातळच असते. सोलकढी तर आमटीहून पातळ.

शेजारच्या खोलीतल्या सरोजिनीबाई बिटाचा रस घेऊन आल्या. "रक्त वाढायला," त्या म्हणाल्या. "आमच्या भावजयीला यानेच उतार पडला."

"त्यांना काय झालं होतं?"

"पाय मुरगळला होता."

संध्याकाळी अप्पा औषधाच्या पावडरीचं एक लिटर पाणी चेहरा न हलवता प्यायले. चंद्रोदय झाल्यावर सरोजिनीबाईंनी नैवेद्याचा एक मोदक पाठवला. पद्मजाने हरकत घेतली. "प्रसादाला पत्रकात बंदी नाही," अप्पा म्हणाले. तिने पत्रक उलटसुलट पाहिलं. खरंच नव्हती.

सकाळचा भाग मात्र पत्रक लिहिणाऱ्यांच्या कल्पनेबाहेरचा होता. चाळीत एका मजल्यावर बारा बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. त्यातल्या एकाचं दार लागत नव्हतं आणि एकावर मालकीचा वाद होता. पाणी यायचं साडेपाचला, आणि औषधाचा दुसरा लिटरही साडेपाचलाच घ्यायचा होता. अप्पा अर्धा लिटर पिऊन गॅलरीत गेले तर पुढे पाच माणसं बादल्या घेऊन उभी. अप्पांनी आयुष्यात रांग मोडली नव्हती. ते उभे राहिले. त्यांचं काय होत होतं ते त्यांच्या मिटलेल्या ओठांवरून फक्त पद्मजाला दिसत होतं. परत आल्यावर उरलेला अर्धा लिटर त्यांनी मोरीत ओतला, आणि हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही.

तपासणीनंतर डॉक्टरांनी पद्मजाला आत बोलावून पडद्यावर फोटो दाखवला. "स्वच्छतेला आम्ही नऊपैकी गुण देतो. सहा तरी लागतात. यांना तीन मिळालेत."

पद्मजा आयुष्यात कधी नापास झाली नव्हती.

"हे सगळीकडे वाळूसारखं पसरलंय," डॉक्टर पडद्यावर पेन टेकवून म्हणाले. "तीळ आहेत का?"

पद्मजाने चष्मा सारखा केला. गोल, चपट्या कडेचं, फिकट पिवळं बी. "ॲमरँथस," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "राजगिरा."

डॉक्टरांनी ते रिपोर्टवर लिहून घेतलं, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"याच्याखाली काय आहे, काही आहे की नाही, मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "परत करावी लागेल. दोन आठवड्यांनी या."

बाहेर अपेक्षा एक फॉर्म घेऊन उभी होती. पद्मजाला वाटलं, आता ही म्हणणार, मी सांगितलं होतं. अपेक्षाने फक्त विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे उपवासाला काय काय चालतं?" आणि पद्मजा सांगेल ते सगळं लिहून घेतलं. साबुदाणा, कूट, राजगिरा, वरी, रताळं, खोबरं. लिहिता लिहिता तिचं पेन थांबलं. "आमच्या पत्रकात यातलं एकही नाव नाही," ती म्हणाली. "मीही 'उपवास नको' एवढंच म्हणत बसले."

पद्मजाला त्या मुलीबद्दल एकदम माया वाटली. पण नऊपैकी तीन काही वाढले नाहीत.

घरी आल्यावर अप्पांनी जाहीर केलं, की हा विषय आता दप्तरदाखल झाला. "एकदा झालं. पुन्हा त्या रांगेत मी उभा राहणार नाही. माझं जे व्हायचं ते होईल."

"अहो अप्पा, रिपोर्ट अर्धवट आहे," शंतनु म्हणाला.

"मीही अर्धवटच होतो तेव्हा. तू रांगेत नव्हतास."

आठ दिवस पद्मजाने निरनिराळ्या बाजूंनी विषय काढला. अप्पा वर्तमानपत्र वर धरायचे. सरोजिनीबाईंनी तिला बाजूला घेऊन सल्ला दिला, की दुर्बीण वगैरे राहू दे, त्यांच्या माहितीत ठाण्याला एक जण नाडी बघून आतलं सगळं सांगतो. आठव्या दिवशी पद्मजाने त्याचा नंबरही घेतला. एमेस्सीवाल्या बाईने नंबर घेतला, यावरून तिची अवस्था काय झाली होती ते समजावं.

त्याच संध्याकाळी आरोही बाहुलीला डब्यांच्या पायऱ्यांवरून चढवत होती. दुसऱ्या डब्यावर तिने बाहुलीला बसवलं.

"का गं थांबली ती?"

"दम लागला तिला. आता ती डोळे मिटणार."

"असं कुणी शिकवलं?"

आरोहीने दाराकडे बघून आवाज बारीक केला. "अप्पा बसतात ना जिन्यात. पण आईला सांगायचं नाही, असं ठरलंय." मग आपण कुणाला सांगतोय ते तिच्या लक्षात आलं, पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "परवा त्यांनी डोळे उघडलेच नाहीत. मला शंभरपर्यंत येतात. मी दोनदा म्हटले."

पद्मजाने गॅस बंद केला. दोनशे. सहा वर्षांची पोर दम गेलेल्या आजोबांशेजारी बसून दोनशे आकडे मोजत होती, आणि आपल्याला वाटत होतं, की या घरात मोजणारे आपणच.

ती अप्पांशी वाद घालायला गेली नाही. वाण्याकडून तिने लांबडी, लाल पुठ्ठ्याची वही आणली, त्यात पट्टीने रकाने पाडले आणि अप्पांच्या पुढ्यात ठेवली. वर लिहिलं होतं: जावक नोंदवही. रकाने होते अनुक्रमांक, वेळ, रंग (कार्डाप्रमाणे), शेरा.

अप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ त्यांनी ते पान वाचलं.

"आरोहीने सांगितलं मला," पद्मजा म्हणाली. "तुम्ही तिला रागावू नका."

अप्पांनी खिशातलं पेन काढलं. "शेऱ्यानंतर सहीचा रकाना लागतो," ते म्हणाले. "त्याशिवाय नोंद ग्राह्य धरत नाहीत."

आता प्रश्न रांगेचा होता. पद्मजा चाळ कमिटीचे सेक्रेटरी गणपतराव यांच्याकडे गेली आणि एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत संडास क्रमांक तीन अप्पांसाठी मोकळा ठेवावा, अशी विनंती केली.

गणपतराव म्हणाले, "वहिनी, माणुसकीच्या नात्याने माझा पाठिंबा आहे. पण पायंडा पडेल. उद्या कोणीही येईल आणि म्हणेल, मला जुलाब, मला राखीव."

"त्यांना घ्यायचेच आहेत जुलाब. औषधाने."

"तेच म्हणतो मी. मुद्दाम घेतलेले जुलाब नियमात बसतात का, ते बघावं लागेल. अर्ज द्या. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि मजल्यावरच्या बारा बिऱ्हाडांच्या सह्या."

सह्या गोळा करायच्या म्हणजे अप्पांच्या आतड्याची कहाणी बारा दारांत बारा वेळा सांगायची. पद्मजाने सांगितली. प्रत्येक दारात चहा, प्रत्येक दारात एक सल्ला. एकाने एरंडेल सुचवलं, एकाने गूळ आणि ओवा. कोपऱ्यावरच्या काकांनी सही करण्याआधी विचारलं, की संशोधनात चाळीचं नाव येणार का, आणि येणार असेल तर पूर्ण येऊ दे. अकरा सह्या झाल्या. बारावी अप्पांचीच हवी होती, कारण तेही बिऱ्हाडच होते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात फळा लागला: "संडास क्र. ३ हा श्री. अप्पा यांच्या वैद्यकीय कार्यासाठी राखीव आहे. सहकार्य करावे. हुकुमावरून." अप्पा तो फळा वाचून वर आले आणि अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "हुकुमावरून नव्हे, आदेशावरून."

यावेळी पद्मजाने कुणाचंही ऐकलं नाही, फक्त अपेक्षाचं ऐकलं. रक्तवाढीसाठी चालू असलेल्या लोहाच्या गोळ्या पाच दिवस आधी बंद. तीन दिवस मऊ पांढरा भात, दही, साध्या पावाचे तुकडे. बिटाचा रस सरोजिनीबाईंसमोर ती स्वतः प्यायली. आदल्या दिवशी गाळलेलं भाताचं पाणी चालतं का, शहाळ्याचं चालतं का, प्रत्येक गोष्टीला फोन. अपेक्षाचे तीन फोन ठरले होते, पद्मजाने सतरा केले. "ग्लासच्या मागे वर्तमानपत्र धरा," अपेक्षा म्हणाली. "अक्षरं वाचता आली तर चालेल." त्या दिवशी अप्पांनी पूर्ण अग्रलेख नारळपाण्यातून वाचला.

संध्याकाळी सहा वाजता पहिला लिटर गेला. साडेसहाला सारा मजला आपापल्या दारात काही ना काही काम काढून उभा होता. अप्पा बाहेर पडले की वाट आपोआप मोकळी व्हायची, मंत्र्याची गाडी जाताना होते तशी. परत आले की टेबलाशी बसून कार्ड उघडायचे. कार्डावर पाच पेले होते, पहिला कोऱ्या चहाच्या रंगाचा, शेवटचा फिकट लिंबू सरबताच्या. अप्पा नोंद करायचे. जावक एक, सहा चाळीस, रंग पहिला, सही. जावक चार, रंग दुसरा आणि तिसरा यांच्या दरम्यान, शेरा: फेरतपासणी आवश्यक.

सकाळी साडेपाचला दुसरा लिटर. यावेळी मोरीपाशी पद्मजा उभी होती, कारण मागच्या वेळी तिथे पावडरीचा वास तिला आला होता, आणि तिने तो तेव्हापासून मनात ठेवला होता. अप्पांनी तिच्याकडे बघत शेवटचा घोट घेतला. गॅलरीत बादल्यांची रांग होती, पण तीन नंबरच्या दाराशी गणपतराव जातीने उभे राहून लोकांना वळवत होते. सात वाजता अप्पा आत आले, बसले आणि शांतपणे लिहिलं: जावक अकरा. रंग पाचवा.

"नक्की पाचवा?" पद्मजाने विचारलं.

"बाहेर चौघांना कार्ड दाखवलं. एकमत आहे."

टॅक्सीत अप्पांच्या खाली आरोहीचं तान्हेपणीचं रबरी कापड घातलं होतं. ते लागलं नाही. पण लालबागच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा अप्पांनी पद्मजाचा हात धरला आणि परळ येईपर्यंत सोडला नाही. पाट्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

गुण पडले आठ. शुद्धीवर आल्यावर अप्पांचा पहिला प्रश्न होता, "एक कुठे कापला?"

पण त्याआधी डॉक्टरांनी पद्मजा आणि शंतनु यांना पडदा दाखवला होता. आतडं यावेळी गुलाबी आणि लख्ख. आणि उजव्या बाजूच्या एका वळणात, मागच्या फोटोत राजगिरा साचला होता त्याच जागी, अंगठ्याच्या नखाएवढी एक गाठ, जराशी रक्ताळलेली. डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढली होती. "तपासायला पाठवतो. आठ दिवसांत कळेल."

ते आठ दिवस पद्मजाने काय केलं, ते तिला आठवत नाही. शंतनु म्हणतो, तिने डब्यांवर लेबलं लावली, साखरेवर मीठ आणि मिठावर राजगिरा. अप्पा जावक वहीची सुवाच्य प्रत काढत बसले, कारण अपेक्षाने ती अभ्यासासाठी मागितली होती. आरोही रोज विचारायची, आता किती मोजायचे.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. आणखी काही वर्षं ती गाठ तशीच राहिली असती तर मात्र सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. पद्मजा इस्पितळाच्या पायरीवर बसली आणि दुपारी बारा वाजता, भर गर्दीत, मोठ्याने रडली. अप्पांनी तिच्या डोक्यावर वर्तमानपत्र धरलं. उन्हासाठी, असं ते म्हणाले.

आता इस्पितळाच्या पत्रकात एक नवीन ओळ आहे: "उपवासाचे पदार्थ (शेंगदाणे, राजगिरा, वरी, खोबरे) तयारीच्या दिवसांत खाऊ नयेत. प्रसादसुद्धा नाही." ओळ कुणामुळे आली, ते छापलेलं नाही. पद्मजाला ते मान्य आहे. चाळीचं नाव आलं नाही म्हणून कोपऱ्यावरचे काका मात्र अजून नाराज आहेत.

गोष्ट इथे संपली असती. पण डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, की अशी गाठ निघाली तर मुलांनी आणि सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं. शंतनुने तारीख घेतली. राहिले अप्पांचे धाकटे भाऊ, लवूकाका. वय अडुसष्ट, गिरणी बंद पडल्यापासून किरकोळ कामं केली, आता वरळीला बीडीडी चाळीत एकटेच राहतात. पद्मजाने फोन केला तर म्हणाले, "माका काय्येक झाला नाय गो. माझा पोट लोखंडाचा आसा." त्यानंतर ते तिचा फोन उचलत नाहीत. ती दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा दाराला आतून कडी होती आणि आत रेडिओ चालू होता.

म्हणून पद्मजाचं तुमच्याकडे एक काम आहे. तुम्ही वरळीच्या बाजूला राहत असाल तर दूध केंद्राच्या मागच्या, अजून न पाडलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर जरा जाऊन याल का? तिचं नाव सांगू नका. सहज आलो म्हणा. ते चहा करतील, मला काही झालेलं नाही असंही न विचारता सांगतील. ते सांगू देत. कप हातात देताना त्यांच्या नखांकडे तेवढं बघा. आणि पांढरी दिसली तर तिला कळवा, लगेच.